लॉर्डचा उजेड

न्यूझीलंडची पॉप गायिका लॉर्ड हिच्या पहिल्या अल्बमच्या कव्हरवर चित्रच नाही. काळ्या पार्श्वभूमीवर करड्या अक्षरांत तिचं नाव आणि 'प्युअर हिरोइन' हे अल्बमचं नाव, एवढंच. २०१३ मध्ये पॉप गायिकेच्या कव्हरवर चेहरा, केस आणि भरपूर चकाकी असायचीच. अशा काळात सोळा वर्षांच्या एका मुलीचा पहिलावहिला अल्बम जगभर गेला आणि त्याच्या कव्हरवर ती कुठेच नव्हती. बारा वर्षांनी, जून २०२५ मध्ये, तिचा चौथा अल्बम आला, 'व्हर्जिन'. त्याच्या कव्हरवर कमरेच्या हाडांचा निळसर एक्स-रे आहे. पँटची चेन दिसते, पट्ट्याचं बक्कल दिसतं आणि गर्भ राहू नये म्हणून बसवतात ती तांबीसुद्धा दिसते.

कुठेच न दिसण्यापासून थेट हाडांपर्यंत दिसण्याचा हा प्रवास मी अल्बमागून अल्बम, माझं स्वतःचं वय वाढत असताना ऐकत आले. म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहावंसं वाटतं.

पॉपच्या चाहत्यांत अशा प्रत्येक टप्प्याला 'एरा' म्हणायची पद्धत आहे. नवा अल्बम आला की नवा रंग, नवे केस, नवे कपडे, बोलण्याची नवी ढब. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने ३ जुलै १९७३ ला लंडनमध्ये भर मैफलीत आपलं झिगी स्टारडस्ट हे रूप संपवून टाकलं, मडोनाने ऐंशीच्या दशकापासून रूपं बदलण्याचाच रस्ता केला, आणि टेलर स्विफ्टने तर आपल्या साऱ्या एरा एकत्र गुंफून जगभर दौरा केला. या सगळ्यांची रूपं पाहताना मला रंगभूषा आठवते, आणि ती मला मनापासून आवडतेही. लॉर्डकडे मात्र रंगभूषेच्याही आधी उजेड बदलतो. गाणं कोणत्या प्रकाशात उभं आहे हे तिचं अगोदर ठरतं आणि गाण्याचा मूड त्या प्रकाशातून उतरतो. तिच्या गाण्यांची नावंच पाहा: '४०० लक्स', 'ग्रीन लाइट', 'सोलर पॉवर'.

याचं एक कारण तिच्या मेंदूतच आहे. तिला सूर ऐकताना रंग दिसतात. ही शारीरिक गोष्ट आहे, तिला सिनेस्थेशिया म्हणतात. 'टेनिस कोर्ट' हे गाणं घडत होतं तेव्हाची हकिगत तिनेच सांगितली आहे. सुरुवातीला नुसते कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, वाजत होते तेव्हा तिला समोर एक जुनाट, मळकट तपकिरी रंग दिसत होता, इतका नकोसा की मळमळायला लागावं. मग ध्रुवपदाआधीची ओळ सापडली, शब्द सुरू झाले आणि एका रात्रीत ते सगळं गाणं हिरवंगार झालं. चालीतली चूक जिला रंगातून कळते, तिच्या अल्बमचा रंग नंतर बाजारासाठी निवडलेला असणार नाही, असं मी धरून चालते.

एला येलिच-ओ'कॉनर हे तिचं खरं नाव. जन्म १९९६ चा, वाढली ऑकलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या डेव्हनपोर्ट या उपनगरात. आई सोन्या येलिच कवयित्री, त्यामुळे घरात पुस्तकं भरपूर. शाळेतल्या कलागुणांच्या स्पर्धेतलं तिचं गाणं रेकॉर्ड कंपनीपर्यंत पोचलं तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. पुढे ऑकलंडमध्येच जोएल लिटल या निर्मात्याबरोबर ती शाळेच्या सुट्टीत गाणी करू लागली. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांतली पाच गाणी तिने साउंडक्लाउडवर फुकट ठेवली. फोटो जवळजवळ नव्हतेच. ही दिसते कशी हे कुणाला ठाऊक नव्हतं, आवाज तेवढा माहीत होता: खर्जातला, किंचित खरखरीत, वयाच्या मानाने फारच शांत.

त्या पाचांतलं एक 'रॉयल्स'. नॅशनल जिऑग्राफिकमधला १९७६ चा एक फोटो तिच्या पाहण्यात आला होता. कॅन्सस सिटी रॉयल्स या बेसबॉल संघाचा जॉर्ज ब्रेट चेंडूंवर सह्या करतोय आणि त्याच्या सदऱ्यावर संघाचं नाव आहे. त्या एका शब्दावरून गाणं सुरू झालं. गाण्यात वाद्यं म्हणावीत अशी फारशी नाहीतच. चुटक्या, खोल ठोका, बेस, आणि तिच्याच आवाजाचे एकावर एक चढवलेले थर. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्या वेळच्या रेडिओवर सगळं ठासून भरलेलं असायचं. त्यात हे मोकळं, रिकामं गाणं लागलं की खोलीतलं कुणीतरी एकदम बोलायचं थांबल्यासारखं वाटायचं.

'प्युअर हिरोइन' हा रात्रीचा अल्बम आहे, पण ती शहरातली झगमगीत रात्र नाही. उपनगरातली रात्र आहे. रस्त्यावरचे दिवे, रिकामी टेनिस कोर्टं, गाडीच्या काचेतून सरकणारी एकसारखी घरं. '४०० लक्स' हे नाव प्रकाश मोजण्याच्या मापावरून आलंय. निरभ्र दिवशी सूर्य उगवताना किंवा मावळताना साधारण तेवढा उजेड असतो. गाण्यात घडत काहीच नाही. कुणीतरी तिला गाडीतून फिरवतंय, वेळ काढणं चाललंय, हातात संत्र्याचा रस आहे. एवढ्या अर्ध्या उजेडात माणसं ओळखू येतात, पण त्यांचे चेहरे नीट दिसत नाहीत. आणि अल्बमभर ती एकटी बोलतच नाही म्हटलं तरी चालेल. तिचा एक कंपू आहे, त्या सगळ्यांच्या वतीने ती बोलते. आपल्याकडे पैसा नाही, आपलं गाव कुठल्या सिनेमात दिसत नाही, तरी आपण एकमेकांचे आहोत. ही ताकद मोठीच आहे, पण कंपूच्या आड लपायलाही जागा मिळते. ती पाहते, टिपते, शेरे मारते. तिला स्वतःला शरीर आहे हे फारसं जाणवत नाही.

अपवाद 'रिब्ज'चा. हे गाणं मला पॉपमधल्या फार थोड्या परिपूर्ण गाण्यांपैकी वाटतं, म्हणून जरा त्याच्यापाशी थांबते. सुरुवातीला लांबून येणारा घुमारा, त्यावर तिच्या आवाजांचे अस्पष्ट थर, शब्दांशिवायचे. ठोका लगेच येत नाही. येतो तेव्हा शेजारच्या घरात पार्टी चालू असावी आणि भिंतीतून नुसता दणका यावा तसा येतो. मग शब्द: अंगावर सांडलेलं पेय, आईवडिलांनी घरी एकटं राहू दिलेली रात्र, तेच तेच लावलेलं गाणं, आणि म्हातारं होण्याची भीती. पंधरा-सोळाव्या वर्षी म्हातारपणाची भीती! मोठ्यांना हसू येईल, पण ज्यांना ती त्या वयात वाटली आहे त्यांना ठाऊक आहे की ती अगदी खरी असते. लहान मुलांसारखं एका बिछान्यात दाटीवाटीने झोपणं, बरगड्या दुखेपर्यंत हसणं, आणि तेही पुरणार नाही हे हसता हसताच कळणं. ओळी फिरून फिरून येतात, ठोका वाढत जातो आणि सुटका होतच नाही. पॉपच्या नेहमीच्या रचनेत जिथे सगळं एकदम उसळायला हवं तिथे ती फक्त आणखी वेगाने तेच म्हणत राहते. संपतं तेव्हा छातीत काहीतरी राहून जातं.

नंतर चार वर्षं अल्बम नाही. मधल्या काळात ती लहानाची मोठी झाली, तीही सगळ्या जगाच्या डोळ्यांसमोर. पहिलं मोठं नातं जुळलं आणि तुटलं. २०१६ मध्ये ब्रिट पुरस्कारांच्या सोहळ्यात बोवीला आदरांजली वाहायला त्याच्या स्वतःच्या वाद्यवृंदाने हिला गायला बोलावलं, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. मग १६ जून २०१७ ला 'मेलोड्रामा' आला.

या कव्हरवर ती आहे. सॅम मॅकिनिस या चित्रकाराने काढलेलं तैलचित्र आहे. अंथरुणात पडलेली ती, सगळं निळ्या उजेडात बुडालेलं, फक्त गालावर कुठूनतरी आलेला उबदार नारिंगी प्रकाश. चेहरा आला, पण फोटोतून नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी कुंचल्यातून. म्हणजे अजून एक पडदा होताच. अल्बमची कल्पना एका रात्रीची, एका घरातल्या पार्टीची. जॅक अँटनॉफ हा सहनिर्माता. पार्टीत जे जे होतं ते सगळं त्यात आहे: नाचणं, पिणं, दुसऱ्याच कुणाच्या प्रेमात पडल्यासारखं वाटणं, न्हाणीघरात जाऊन रडणं.

'ग्रीन लाइट' पहिल्यांदा ऐकताना गाणं मध्येच दुसऱ्या गाण्यात शिरल्यासारखं वाटतं. सुरुवात नुसत्या पियानोवर, दातओठ खात म्हटलेल्या ओळी. मग अचानक सूरच वर सरकतो, पियानो नाचायला लागतो आणि ठोका यायचा तिथे येत नाही, उशिरा येतो. पॉपमध्ये हिट गाण्यांचा कारखानाच काढलेल्या मॅक्स मार्टिनने त्याला चुकीचं गीतलेखन म्हटलं होतं, असं तिनेच सांगितलंय, आणि त्यात अपमान नव्हता हेही सांगितलंय. मला ते वर्णन फार नेमकं वाटतं. नातं तुटल्यावर माणूस नियमाने दुःखी होत नाही. सकाळी राग, दुपारी नाचावंसं वाटणं, संध्याकाळी पुन्हा फोन हातात. त्या गाण्याची रचना तशीच बेशिस्त आहे. पुढे जायला परवानगी मिळावी म्हणून ती हिरव्या दिव्याची वाट पाहतेय आणि दिवा काही हिरवा होत नाही.

इथे पहिल्यांदा कंपू पांगतो. 'लायबिलिटी'मध्ये फक्त पियानो आणि ती. मी लोकांना फार होते, त्यांना झेपत नाही, म्हणून मग घरी जाऊन स्वतःलाच जवळ घेऊन नाचते, असं ती म्हणते. पहिल्या अल्बममधली ती ऐटबाज पोर असं काही म्हणू शकली नसती. आणि अल्बमातली मला सगळ्यात धाडसी वाटणारी जागा हिट गाण्यांत नाहीच. 'सोबर' या गाण्याचं दुसरं रूप पुढे येतं, तेव्हा पार्टी संपलेली असते. पाहुणे गेलेत, खोलीतले मोठे दिवे लावलेत, शॅम्पेनचे ग्लास गोळा करायचे आहेत. रात्रभर ज्या निळ्याजांभळ्या उजेडात सगळं भव्य दिसत होतं तो उजेडच ती काढून घेते. बहुतेक गायक पार्टीचं गाणं करतात, काही जण दुसऱ्या दिवसाच्या डोकेदुखीचंही करतात. दिवा लावला तो क्षण मात्र मी दुसऱ्या कुणाकडे ऐकलेला नाही.

'मेलोड्रामा' ग्रॅमीच्या वर्षातला सर्वोत्तम अल्बम या गटात होता. नामांकनांतली ती एकटी बाई, आणि सोहळ्यात एकट्याने गायला न बोलावलेलीही तीच. असो. अल्बम आज ज्या मानाने ऐकला जातो तो पाहता त्या संध्याकाळीमुळे त्याचं काही अडलं नाही.

आता त्या अल्बमकडे येते ज्याच्यामुळे मला हे लिहायचं होतं.

२०१९ च्या सुरुवातीला लॉर्ड अंटार्क्टिकाला गेली. तिथल्या पांढरेपणाने मन पुसून स्वच्छ केलं, पुढच्या अल्बमकडे जायचं तर त्या दालनातून जाणं भागच होतं, अशा अर्थाचं तिने नंतर लिहिलं. त्याच वर्षी तिचा कुत्रा पर्ल गेला. तिने चाहत्यांना पत्र पाठवून सांगितलं की अल्बम लांबणार. हे पत्र लिहिणं तिने सोडलेलं नाही. समाजमाध्यमं बाजूला ठेवून ती मधूनमधून लांबच लांब ईमेल लिहिते आणि मला तिचा तो आवाज तिच्या गाण्यांइतकाच जवळचा वाटतो.

जून २०२१ मध्ये, सूर्यग्रहणाच्या दिवसाला धरून, 'सोलर पॉवर' हे गाणं आलं. त्याच नावाचा अल्बम २० ऑगस्टला. कव्हरवर ती समुद्रकिनाऱ्यावर कॅमेऱ्यावरून उडी मारतेय आणि फोटो खालून, वाळूवरून घेतलेला आहे. निळं आकाश, डोळे दिपवणारं ऊन. व्हिडिओत पिवळे कपडे. ठोका जवळजवळ गायब, सगळीकडे गिटार आणि मागे क्लेरो, फीबी ब्रिजर्स अशा गायिकांचे मऊ आवाज. फोन ती पाण्यात फेकून देते. सीडी काढलीच नाही. प्लॅस्टिक नको म्हणून एक कागदी खोका काढला, त्यात हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या, छायाचित्रं आणि गाणी उतरवून घ्यायचा कोड.

लोकांना हा अल्बम रुचला नाही. ज्यांनी 'मेलोड्रामा'वर आपले पहिले प्रेमभंग काढले होते त्यांना आणखी एक निळी रात्र हवी होती. मिळालं ते भर दुपारचं ऊन. कुणी म्हणालं सपक आहे, कुणी म्हणालं श्रीमंत मुलीची सुट्टी आहे. हा प्रतिसाद बुचकळ्यात टाकणारा आणि कधी कधी दुखावणारा होता, असं तिनेही पुढे एका पत्रात कबूल केलं.

मला वाटतं आपण त्या अल्बमचा उजेड चुकीचा वाचला. मराठी माणसाला तर हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्या भावगीतांत चांदणं उदंड आहे, पण वैशाखातल्या दुपारच्या उन्हात उभं राहून कुणी प्रेमगीत म्हणत नाही. ऊन म्हणजे खिडक्या लावून घ्यायची वेळ. न्यूझीलंडचं ऊनसुद्धा दिसतं तितकं सौम्य नसतं. तिथे अतिनील किरणांचा मारा फार, त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त देशांत मोडणारं. त्या देशात वाढलेली मुलगी उन्हाचं गाणं म्हणते तेव्हा तिच्या मनात नुसती सहल नसते.

पहिलंच गाणं ऐका, 'द पाथ'. कोवळ्या वयात लक्षाधीश झालेली एक मुलगी, जिला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची भयानक स्वप्नं पडतात. इथेच सगळी किल्ली आहे. तिच्या आयुष्यात तेव्हापर्यंतचा सगळ्यात तीव्र उजेड दुसऱ्यांनी तिच्यावर टाकलेला होता. ती म्हणते, तारणहार शोधत असाल तर तो मी नव्हे, वाट सूर्य दाखवेल अशी आशा करू या. फ्लॅशपासून पळून ती उन्हात आली आहे. कारण ऊन कुणा एकावर पडत नाही, सगळ्यांवर सारखंच पडतं.

आणि मागच्या एरांशी तिचं बोलणं या अल्बमात सगळ्यात जास्त आहे. 'सिक्रेट्स फ्रॉम अ गर्ल'साठी तिने 'रिब्ज'चेच दोन कॉर्ड घेतले आणि उलटे केले. सोळाव्या वर्षी ज्या सुरांवर म्हातारपणाची भीती गायली होती तेच सूर फिरवून ती आता त्या मुलीला सांगते की येईल सगळं अंगवळणी, घाबरू नकोस. 'स्टोन्ड ॲट द नेल सलॉन' या गाण्यात ती म्हणते की सोळाव्या वर्षी जी गाणी आवडली ती सगळी एक दिवस मागे पडतील. हे ती त्यांनाच सांगतेय ज्यांना सोळाव्या वर्षी तिची गाणी आवडली! शेवटचं 'ओशॅनिक फीलिंग' तर मला दर वेळी हलवतं. सिकाडा या किड्यांची किरकिर, वडील, भाऊ, अजून न जन्मलेली मुलगी, आणि त्यात एक ओळ: ती काळ्याजांभळ्या चेरी रंगाची लिपस्टिक आता खणात धूळ खात पडली आहे. 'प्युअर हिरोइन'च्या काळात ती लिपस्टिक म्हणजे लॉर्डची ओळख होती. तिच्या रंगाची लिपस्टिक बाजारात आली होती. ती मुलगी आता मला नको, असं तिने शांतपणे, भर उजेडात सांगितलं. चाहत्यांना राग आला तो गाणी सपक होती म्हणून आला असेल, पण थोडा या निरोपाचाही होता असं मला वाटतं.

अल्बमनंतर तीन आठवड्यांत 'ते आओ मारामा' आलं. त्याच अल्बममधली पाच गाणी, न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत. हाना मेरेराइहा आणि इतरांनी शब्द केले आणि हिनेवेही मोही मार्गदर्शक होत्या. याच हिनेवेही मोहींनी १९९९ च्या रग्बी विश्वचषकात न्यूझीलंडचं राष्ट्रगीत माओरीत गायलं तेव्हा देशात गहजब झाला होता. लॉर्ड स्वतः गोऱ्या वंशाची, माओरी सफाईने न बोलणारी, त्यामुळे तिच्यावरही काहींनी टीका केली. मी ती गाणी ऐकते तेव्हा मला मूळ गाण्यांचा अर्थ जास्त कळतो. माओरी परंपरेत सृष्टीची गोष्ट अशी आहे: आधी शून्य, मग दीर्घ रात्र, रात्रीत आकाशपिता आणि पृथ्वीमाता घट्ट मिठीत, मुलं मध्ये अंधारात कोंडलेली. मुलांनी त्यांना दूर लोटलं तेव्हा उजेडाचं जग, म्हणजेच 'ते आओ मारामा', आलं. या गोष्टीतला उजेड आईबापांना वेगळं करून मिळालेला आहे. 'सोलर पॉवर'च्या उन्हातही मला तशीच ताटातूट ऐकू येते.

तरीही त्या अल्बममध्ये एक गोष्ट झाकलेली होती आणि ती तीन वर्षांनी बाहेर आली. जून २०२४ मध्ये चार्ली एक्ससीएक्स या ब्रिटिश गायिकेच्या एका गाण्याच्या नव्या रूपात लॉर्डने एक कडवं म्हटलं. गेली काही वर्षं माझं माझ्या शरीराशी युद्ध चालू आहे, बारीक व्हायला उपाशी राहिले आणि मग सगळं वजन परत आलं, असं ती त्यात सांगते. हे ऐकल्यावर त्या कव्हरकडे मला पुन्हा पाहावं लागलं. उन्हात एवढी मोकळी उडी मारणारं ते शरीर आतून इतकं छळलेलं असू शकतं, हे फोटो सांगत नाही. ऊन त्वचेवर थांबतं.

म्हणून एक्स-रे. 'व्हर्जिन'चा रंग कोणता, तर पारदर्शक, असं तिने जाहीर केलं: आंघोळीचं पाणी, खिडक्या, बर्फ, थुंकी. या यादीतला शेवटचा शब्द मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. या वेळी अँटनॉफ नाही, बहुतेक काम जिम-ई स्टॅक या निर्मात्याबरोबर. ठोके परत आले, पण आता ते नाचायला लावण्यापेक्षा अंगावर जास्त येतात. 'क्लियरब्लू'मध्ये वाद्यच नाही. गर्भ राहिलाय का हे पाहणारी ती चाचणी, तिच्या आठवणी, आणि यंत्रातून तुकडे करून जोडलेला तिचा एकटा आवाज. 'ब्रोकन ग्लास'मध्ये उपासमारीची ती वर्षं. 'फेव्हरिट डॉटर'मध्ये आईच्या डोळ्यांत भरण्याची आयुष्यभराची धडपड, आणि आई कवयित्री आहे हे ठाऊक असेल तर ती अधिकच बोचते. 'मॅन ऑफ द इयर'च्या व्हिडिओत मातीने भरलेल्या एका खोलीत ती जीन्स घालून छातीवर चिकटपट्टी गुंडाळते. बाई असणं आणि कधीकधी पुरुषासारखं वाटणं यांतलं जे काही तिला सापडलं ते तिने सजवून दाखवलेलं नाही. गाणं हळू चालतं आणि शेवटच्या टप्प्यात आवाज फाटून बाहेर येतो. अल्बममधलं ते सर्वोत्तम गाणं आहे.

सगळीच गाणी एक्स-रेइतकी निडर आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये आलेलं 'व्हॉट वॉज दॅट' सुरेख आहे, पण त्याच्या अंगात 'मेलोड्रामा'चं रक्त आहे. रागावून गेलेल्या चाहत्यांना हाक मारल्यासारखं ते मला वाटतं. हाक पोचली हेही खरं. ते गाणं ऐकवायला तिने न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमध्ये लोकांना बोलावलं, गर्दी इतकी झाली की परवानगी नाही म्हणून पोलिसांनी सगळ्यांना घरी जायला सांगितलं, आणि रात्री ती परत येऊन उरलेल्या लोकांत गाण्यावर नाचली. पण त्याच अल्बमची बाकी गाणी एवढी पुढे गेली आहेत की हे मागे वळून पाहणं मला थोडं खुपतं.

त्याची सीडीही पूर्ण पारदर्शक काढली. सीडी वाजते कशी, तर यंत्रातला लेसर तबकडीच्या चकचकीत थरावर आदळून परत येतो आणि त्या परतलेल्या उजेडातून गाणं वाचलं जातं. या तबकडीत तो नेहमीसारखा चकचकीत थर नाही. काही चाहत्यांच्या प्लेयरवर आणि गाड्यांत ती वाजलीच नाही. तक्रारी झाल्या, आणि पैसे देऊन घेतलेली वस्तू वाजायला हवी हे रास्तच आहे. तरी मी त्या निर्णयाच्या बाजूची आहे. आपल्या कल्पनेवर इतका विश्वास टाकणारी पॉप गायिका आज विरळा आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये दौरा सुरू झाला त्याचं नाव 'अल्ट्रासाउंड'. सोनोग्राफीत प्रकाश लागत नाही, शरीराच्या आतलं चित्र ध्वनी काढतो. एक्स-रेनंतर ती कुठे जाणार हा प्रश्न मला पडला होता, कारण हाडांच्या पलीकडे दाखवायला काय उरतं? या नावात मला उत्तराची सुरुवात दिसते.

आणि ज्यांनी 'सोलर पॉवर' दोनतीन गाण्यांनंतर बंद केला होता त्यांना माझं एक आग्रहाचं सांगणं आहे. 'व्हर्जिन' ऐकायला घ्याल तेव्हा त्याच्या लगेच आधी तो पूर्ण ऐका, मध्ये काही न लावता. 'ओशॅनिक फीलिंग'मधल्या सिकाडा थांबल्या की 'हॅमर' सुरू होऊ द्या. चार वर्षांचं अंतर मध्ये ठेवून ऐकलं तेव्हा मला ते दोन अल्बम दोन वेगळ्या बायकांचे वाटले होते. सलग ऐकताना पहिल्यातल्या शांततेखाली दुसऱ्यातला ठोका आधीपासूनच चालू असल्याचं कळतं.